घरातली दहावी

मोहाचं फूल गळायला लागलं की पहाटे दार उघडायचा अवकाश, वास आत येतो. ओलसर, गोड, थोडा आंबूस. तो चुलीपर्यंत येतो, अंथरुणाच्या घडीत शिरतो, दांडीवर वाळत घातलेल्या लुगड्याला लागतो. दोन-तीन आठवडे गावात सगळ्यांच्या हातांना एकच वास असतो. आमचं गाव नाकाडोंगरीच्या अलीकडे, जंगलाच्या कडेला. घरामागे बांध आहे आणि बांधापलीकडे आमचे तीन मोह. याही वर्षी फुलं आली. मी टोपली घेऊन खाली बसते, आणि वेचता वेचता तोंडातून भलतंच काही निघतं. काल निघालं, "विद्युतधारेचे परिणाम." शेजारच्या झाडाखाली पारबता काकू वेचत होती. ती म्हणाली, "लागली काय वो पुन्हा दहावीत?"

मी पदरात तोंड लपवून हसले. तीन वर्षं झाली, पण मोहाच्या वासाबरोबर ती दहावी अजून येतेच.

दहावी माझी नव्हती, सुजाताची होती. माझी शाळा चौथीत सुटली. सुजाता आमची एकुलती एक. तिला सिकलसेल आहे, रक्ताचा आजार. दुखणं उठलं की हातापायाच्या हाडांत कुणी खिळे ठोकतंय असं तिला वाटतं. थंडी लागली, पावसात भिजली, सायकल जास्त चालवली, की चार दिवस खाटेवर. शाळा लांब होती. आठवीत निम्मं वर्ष खाटेवर गेलं, नववीची परीक्षा दवाखान्यात गेली. शाळेनं कधी नाही म्हटलं नाही, पण मुलगी किती वेळा मागच्या वर्गाची पुस्तकं नव्यानं उघडेल? एक दिवस तिनं दप्तर खुंटीला अडकवलं आणि म्हणाली, "आता नाही जात."

तिचे बाबा खाणीत कामाला आहेत. कमी बोलतात. त्यांनी तुमसरला जाऊन चौकशी केली आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून आले. शाळेत न जाता, घरी शिकून दहावीला बसायचा फॉर्म तो. सुजाताला म्हणाले, "घरीच शिक. पण बसजो मात्र."

ती म्हणाली, "बसीन. पण एकच वेळा. या खेपेला नाही झालं त मले पुन्हा म्हणू नोका."

हे तिनं रागानं म्हटलं नव्हतं. म्हणूनच मला जास्त भीती वाटली.

मग आमच्या घरात शाळा सुरू झाली. खाटेवर विद्यार्थिनी, खाली पाटावर मी. दुखणं असलं की तिला पुस्तक धरवत नसे, म्हणून मी मोठ्यानं वाचायचं आणि तिनं ऐकायचं. मला वाचता येत होतं, पण वाचायची सवय गेली होती. बोट ठेवून वाचत असे. मोठा शब्द आला की बोट तिथंच थांबायचं. ती डोळे मिटून पडल्या पडल्या म्हणायची, "तोड ना माय. दोन तुकडे कर." मी तोडायची, मग जोडायची. सुरुवातीला मी खिडकी लावून वाचायची. बाहेर कुणी ऐकेल याची लाज. पण खिडकी लावली की तिला गुदमरायचं, म्हणून उघडावी लागली. मग सगळ्यांनी ऐकलंच. पारबता काकू विहिरीवर म्हणाली, "तुह्या घरी शाळा भरते म्हणते. हजेरी कोण घेते वो, कोंबडा?" बायका हसल्या. मी कळशी उचलून आले. घरी आल्यावर सुजाताला सांगितलं, तर तीही हसली आणि त्या दिवसापासून सकाळी कोंबडा आरवला की खाटेवरून ओरडायची, "हजर!"

कॉम्प्युटर आमच्या घरी आला तो मोटघरे सरांमुळे. सर तुमसरला राहतात. गणित शिकवत होते, आता घरीच असतात. सुजाताच्या बाबांची आणि त्यांची ओळख दवाखान्याच्या रांगेत झाली. त्यांच्या नातीलाही हाच आजार. त्यांच्याकडे जुना कॉम्प्युटर पडून होता, तो त्यांनी दिला. सुजाताच्या बोटांना पेन धरणं जड जायचं, पण बटणं दाबणं जमायचं. मी वाचायची, ती ऐकायची, मग आपल्या शब्दांत टाइप करायची. प्रत्येक विषयाचं एक घर केलं होतं तिनं त्यात. त्या सगळ्यांना मिळून ती 'वह्या' म्हणायची. कागदाची वही आमच्याकडे जवळजवळ नव्हतीच.

पण तो कॉम्प्युटर म्हातारा होता. सुरू व्हायला इतका वेळ लावायचा की तेवढ्यात माझ्या भाकरी होऊन जायच्या. मध्येच अडकायचा. दोनदा तिनं लिहिलेलं पान गिळून बसला. सरांना सांगितलं, तर ते एका रविवारी मोटारसायकलवर आले आणि खिशातून पेनड्राइव्ह काढला. अंगठ्याएवढा.

"यात नवीन सिस्टीम आहे," सर म्हणाले. "जुन्या मशीनवर हलकी चालते. मराठीतच आहे सगळं. एक पैसा लागत नाही."

सुजाताच्या बाबांनी त्या अंगठ्याकडे पाहिलं. "चोरीचं त नोहे ना सर?"

"नाही जी. ज्यांनी बनवलं त्यांनीच सांगून ठेवलं आहे, घ्या, वापरा, दुसऱ्याला द्या."

"अन् बनवलं कोणं?"

"हजार लोकांनी. कोणी इथले, कोणी दूर देशातले. ज्याला जे जमलं त्यानं तेवढा तुकडा दिला."

त्यांनी पेनड्राइव्ह उलटापालटा करून पाहिला. मग म्हणाले, "फुकटात कोण देते सर आजकाल? काही ना काही असन त्यात."

मला मात्र ते लगेच पटलं. आमचं विहार बांधलं तेव्हा मी नवी सून होते. कुणी सिमेंटचं पोतं दिलं, कुणी दोन दिवस विटा वाहिल्या, मी इतर बायकांबरोबर पाणी मारलं. कुठली वीट कुणाची ते आज कुणी सांगू शकत नाही. पण पावसात लेकरं त्याच छपराखाली अभ्यासाला बसतात. मी हे सरांसमोर बोलले नाही. परक्या माणसासमोर मला बोलवत नाही. चहा ठेवला.

सरांनी पेनड्राइव्ह कसा लावायचा, कुठलं बटण दाबून मशीन सुरू करायचं, ते आम्हा दोघींना दाखवलं. सुजाता म्हणाली, दुखणं थोडं उतरलं की मीच बसवते. मी सगळं कागदावर लिहून घेतलं. सर उठताना म्हणाले, "शेवटी एक प्रश्न विचारेल. तिथं थांबायचं. पोरीला विचारूनच पुढं जायचं."

तेही मी लिहून घेतलं होतं. तो कागद अजून आहे माझ्याकडे.

परीक्षेला अठरा दिवस राहिले होते. मोह अजून गळायला लागला नव्हता, पण झाडं पानं टाकून मोकळी झाली होती. फुलं पडायच्या आधी झाडाखालची जागा साफ करावी लागते. वाळलेला पाला झाडून गोळा करायचा, काडी लावायची, आणि आग पुढं पळू नये म्हणून हिरवा डहाळा हातात घेऊन उभं राहायचं. आग जमिनीवरून सरकत जाते, बुंध्याला काही होत नाही. मागं काळी, गुळगुळीत जागा उरते. तिच्यावर पिवळं फूल कसं उठून दिसतं! साफ केल्याशिवाय वेचायला बसलं तर निम्मी फुलं पाल्यात हरवतात. माझी आई असंच करायची, सासू असंच करायची. नवीन यायचं असेल तर खालचं झाडून काढायचं.

त्या दिवशी सकाळी मी तिन्ही झाडांखालची जागा केली आणि घरी आले. सुजाता आदल्या दिवसापासून दुखण्यात होती. गोळी घेऊन दुपारी तिला झोप लागली. तिचे बाबा कामावर होते. घरात शांत होतं. कॉम्प्युटरवर कापड टाकलेलं होतं. मला वाटलं, ती उठेल तेव्हा सगळं तयार दिसलं पाहिजे. इतके दिवस ती मला शिकवते, एक काम मी तिच्यासाठी करावं.

कागद समोर ठेवला. पेनड्राइव्ह लावला, बटण दाबलं. पडद्यावर मराठी अक्षरं आली. माझ्याच भाषेत मला विचारत होता! कुठली भाषा, कुठला देश. मी एकेक वाचून पुढं गेले.  मग तो शेवटचा प्रश्न आला. दोन ओळी होत्या. जुनं तसंच ठेवून शेजारी नवीन बसवा. किंवा, डिस्क पूर्ण पुसून नवीन बसवा.

मी तिच्याकडे पाहिलं. ती गाढ झोपली होती. दोन रात्रींनंतर झोपली होती. उठवायला मन होईना.

आणि उत्तर तर मला येत होतं. जुन्या पाल्यावर कुणी नवीन घेतं का? माझ्या हाताला अजून राखेचा वास होता. खालची जमीन साफ होईल, वरचं झाड जसंच्या तसं राहील. सुजाताच्या वह्या म्हणजे झाड, असं मी धरून चालले. मी दुसरी ओळ दाबली. खाली पिवळ्या चौकटीत सावध करणारं आणखी काही लिहून आलं. ते मी वाचलंसुद्धा. तरीही पुढं गेले.

एक पट्टी हळूहळू भरत गेली. मी हात जोडून बसल्यासारखी बसले होते.

सुजाता उठली तेव्हा पडदा निळा, स्वच्छ, नवा कोरा होता. ती आधी हसली. "माय, तू केलं?" माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. ती सरकत खाटेच्या टोकाशी आली, इकडे दाबलं, तिकडे दाबलं. हसू हळूहळू गेलं.

"माय, माह्या वह्या कोठी हायत?"

"असतीन ना तिथंच."

"माय, तू कोणतं दाबलं होतं?"

मी सांगितलं.  मला वाटलं होतं रडेल, ओरडेल. ती नुसती आडवी झाली आणि चादर डोक्यावरून ओढून घेतली. मी बाहेर ओसरीवर येऊन बसले. चूल पेटवायची वेळ होऊन गेली, तरी उठले नाही. परीक्षा अठरा दिवसांवर. एकच वेळा बसीन, असं ती म्हणाली होती. आणि ती एक वेळ मी माझ्या हातानं पुसली होती.

तिचे बाबा संध्याकाळी आले. बुटांवर खाणीची काळी धूळ. दारातच थांबले. "काहून इतकं गपचूप हाय घर? कोण गेलं?"

चादरीतून आवाज आला, "माह्या वह्या गेल्या."

"कोणं नेल्या?"

"मायनं."

मी मान वर करू शकले नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. बूट काढले, हात धुतले, स्वतः चूल पेटवली. मग खाटेशी जाऊन बसले. "खाणीत लागलो त्या पहिल्या हप्त्यात मी भरलेली ढकलगाडी उलट्या बाजूनं खाली केली होती," ते म्हणाले. "सगळा माल मातीत. मुकादम येऊन उभा राहिला. मले वाटलं आता हाकलते. तो म्हणे, पाहून काय राहिला? भर."

 चादरीच्या आतून आवाज आला, "मंग?"

"मंग काय? भरली. दोन दिवस लागले."

सरांना फोन लावला. तिच्या बाबांनी तो माझ्याच हातात दिला. सर म्हणाले, गेलं ते आता परत येणं कठीण. रागावले नाहीत. उलट विचारलं, "बाई, वर्षभर वाचून कोणी दाखवलं?"

"मी जी."

"मग दोघींच्या डोक्यात थोडं थोडं उरलं असेल. ते खाली उतरवा. मी गणित अन् विज्ञानाचं पाहतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी कोंबडा आरवला, तर खाटेवरून कुणी हजर म्हटलं नाही. मी चहा नेऊन ठेवला. बऱ्याच वेळानं सुजाता उठून बसली आणि म्हणाली, "माह्यानं आज बोटं नाही चालवत. तू बस." मी बसले. सरांनी बटणांवर मराठी अक्षरांच्या बारीक चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. ती सांगायची, मी शोधून दाबायची. पहिल्या दिवशी अर्धं पान झालं. ती चिडायची, "माय, 'क' समोरच हाय ना तुह्या! काय गावभर फिरते?" मी खाली मान घालून दाबत राहायची. ती चिडते आहे याचंच मला बरं वाटायचं. न बोलण्यापेक्षा ते किती चांगलं!

सगळ्यात आधी तिनं आठवून आठवून विषयांच्या घरांची नावं सांगितली. मराठी, गणित, विज्ञान, इतिहास, भूगोल... मी टाकत गेले. शेवटी म्हणाली, "अन् 'माझं'." मी टाकायला लागले, तर म्हणाली, "नाही, ते राहू दे." त्यात काय होतं, मी विचारलं नाही. आजही मला ठाऊक नाही. बाकीचं बरंचसं परत भरलं, ते एक भरलं गेलं नाही. त्याचं वाईट मला अजून वाटतं आणि वाटत राहावं असंच मला वाटतं.

मोह त्याच दिवसांत गळायला लागला. पहाटे मी आणि तिचे बाबा वेचून आणायचो, फुलं अंगणात पसरायचो, आणि मी चुलीआधी कॉम्प्युटर लावायची. तो आता पटकन उठायचा. एकदाही अडकला नाही, एकही पान गिळलं नाही. ती खाटेवरून सांगायची आणि मध्येच थांबायची. "पुढं काय होतं वो माय?" आणि कधी कधी मला आठवायचं! मी वाचलेलं, बोट ठेवून, तोडून जोडलेलं, माझ्याही आत कुठं तरी जाऊन बसलं होतं. इतिहासाचं एक अख्खं उत्तर मी सांगितलं. ती माझ्याकडे पाहतच राहिली. "तूच बस ना दहावीले," म्हणाली. तो दिवस माझ्या आयुष्यातल्या मोजक्या चांगल्या दिवसांपैकी एक आहे.

पेपर तुमसरला होते. मी शाळेबाहेर कडुनिंबाखाली गरम पाण्याची पिशवी घेऊन बसायची. तिसऱ्या पेपरला ती बाहेर आली तेव्हा ओठ पांढरे पडले होते. मी धावले, तर म्हणाली, "पूर्ण लिहिलं." मग माझ्या खांद्यावर डोकं टाकलं. त्या दोन शब्दांसाठी मी कुणाकुणाचे आभार मानू! सरांचे. चूल पेटवणाऱ्या नवऱ्याचे. दवाखान्यात तिला गोळ्या देणाऱ्या नर्सबाईंचे. आणि त्या दूरच्या हजार माणसांचे, ज्यांनी आपापला तुकडा दिला आणि निघून गेले. त्यांच्यातल्या कुणी तरी बसून 'पुढे जा', 'मागे जा', 'थांबा' हे शब्द माझ्या भाषेत लिहिले असतील. त्याला काय ठाऊक, ते कोण वाचणार आहे? मी थांबले नाही, हा त्याचा दोष नव्हता.

निकाल लागला तेव्हा शेतात धानाच्या रोपांचे पऱ्हे वर आले होते. सुजाता पास झाली. खूप मोठे मार्क नाहीत, पण पास. पारबता काकू पेढा खाऊन म्हणाली, "अन् मास्तरीनबाईचा निकाल?"

पुढची दोन वर्षं तिनं घरूनच केली. आता गोळ्या नीट लागू पडल्या आहेत, दुखणं कमी उठतं. मागच्या वर्षी तिला भंडाऱ्याला रक्त तपासायच्या कोर्सला जागा मिळाली. जायच्या आदल्या दिवशी सरांचा फोन आला होता. तिनं आवाज मोठा ठेवला होता, म्हणून मलाही ऐकू आलं. सर म्हणाले, कॉम्प्युटरमध्ये बाईंचं वेगळं खातं करून ठेव, पण साधं कर. साध्या खात्यातून काही मोठं पुसता येत नाही. भीती नाही राहणार. मी मागून म्हटलं, "बरोबर हाय जी सरांचं."

दुपारी सुजातानं मला हाक मारली. "माय, ये इकडे. नाव काय टाकू?"

"टाक, सुजाताची आई."

"ते नाही. तुहं नाव."

तिनं माझं नाव टाकलं. शेवंता. लिहिलेलं मी ते फक्त शाळेच्या दाखल्यावर पाहिलं होतं, आणि तिथंही ते इतकं मोठं नव्हतं. खाली विचारलं होतं, साधा वापरकर्ता, की सगळ्याचा हक्क असलेला प्रशासक. तिनं दुसरं दाबलं.

"अवं, काय करून राहिली? सर काय म्हणले?"

"आयकलं मी."

"अन् माह्या हातून पुन्हा पुसलं त?"

ती वळली. "पुसलं त पुसलं. पण मी चालली भंडाऱ्याले. माह्या सगळ्या वह्या यातच राहतीन. कोणाच्या हवाली करू मंग?"

ओसरीवरून तिचे बाबा म्हणाले, "माह्या हवाली कर ना."

"तुमी त ढकलगाडी उलटवता बाबा."

ते हसत उठून गेले. मला हसता येईना. सुजातानं खुर्ची माझ्याकडे सरकवली. म्हणाली, आता गुप्त शब्द टाक, तुझा तूच ठरव, मला सांगू नको. आणि तिनं दोन्ही हातांनी डोळे झाकून घेतले.

मी एकेक अक्षर शोधून दाबलं. पडद्यावर अक्षरं दिसत नव्हती, नुसते काळे ठिपके पडत होते.

"झालं काय?" ती डोळे झाकूनच म्हणाली.

"थांब," मी म्हटलं. "पुन्हा एकदा टाका म्हणते."

मी घाई केली नाही. पहिल्यापासून वाचलं आणि पुन्हा टाकलं. जुळलं.